म्हाळसाला काय दिलं?

१

झटका येण्याआधी रात्रभर म्हाळसाजवळ तीन बायकांची ये-जा होती, आणि आपण तिला काहीही दिलेलं नाही असं तिघींनीही मला सांगितलं. निदान एक तरी खोटं बोलत होती. कोण, ते मला ग्रहण लागायच्या आत शोधायचं होतं. कारण डॉक्टर रणवरे सुरी हातात घ्यायला तयार होते आणि माझ्यावाचून त्यांचं अडलं होतं.

मी भूल देते. बारामतीत राहते. आमच्याकडच्या लहान दवाखान्यांना कायमचा भूलतज्ज्ञ परवडत नाही, म्हणून ज्याला गरज पडते तो फोन करतो आणि मी माझी जुनी फियाट काढते. बारामती-इंदापूर दोन्ही तालुक्यांत मला भूलवाली बाई म्हणतात. हे नाव मला लग्नाआधी जास्त शोभलं असतं, असं माझे यजमान म्हणतात.

पंच्याण्णवची दिवाळी होती. आदल्या संध्याकाळी लक्ष्मीपूजन झालेलं आणि सकाळी सूर्यग्रहण. रणवऱ्यांचा फोन आला तेव्हा दिवस नुकता वर आला होता. त्यांचं प्रसूतिगृह इंदापूर रस्त्यावर, लासुर्ण्याच्या अलीकडे. एवढ्या रस्त्यात मला माणूस दिसलं नाही. दारं बंद, खिडक्यांना पोती लावलेली, उसाच्या फडांत कुणी नाही. वर्दळीचा रस्ता असा ओस पडला की भीती वाटते. मलाही वाटली.

रणवरे फाटकातच उभे होते. "पहिलटकरीण आहे. दिवस उलटून गेलेत, म्हणून परवापासून कळांचं औषध लावलंय. आत्ता झटका आला. बेशुद्ध आहे. सीझर करू, चला."

"ब्लडप्रेशर?"

"नॉर्मल."

"पायावर सूज?"

"नाही. पण बाई, प्रेशर न वाढताही असे झटके येतात, तुम्हाला माहीत आहे. बाळ काढलं की थांबतील. आणि हे आत्ताच करायला हवं. एकदा ग्रहण लागलं की हिचे नातेवाईक पोटाला सुरी लावू देणार नाहीत. सासूनं तसं बजावलंय."

मी आत जाऊन म्हाळसाला पाहिलं. विशीची पोर, हातात हिरवा चुडा, ओठ दातांखाली येऊन फाटलेला. मी तिच्या कानाशी जाऊन हाका मारल्या, चिमटा काढला. ती कण्हली, पण डोळे उघडले नाहीत. बाळाचे ठोके लागत होते, कळ आली की मंदावत होते.

लघवीची नळी घातली तर पिशवीत जेमतेम घोटभर, गडद पिवळी लघवी उतरली. ती मी परीक्षानळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर उकळली. गरोदरपणातल्या झटक्यांचा आजार असेल तर लघवी उकळल्यावर बहुधा दही विरजल्यासारखी होते. ही स्वच्छ राहिली.

"मी भूल देणार नाही," मी म्हणाले.

रणवऱ्यांचा चेहरा उतरला. "का?"

"मेंदूत काय बिघडलंय ते कळल्याशिवाय हिला झोपवलं, तर ही पुन्हा उठणार नाही. हिला काहीतरी दिलं गेलंय. काय, ते मला कळू द्या."

२

नर्स सारजा लोणी भापकरची. दहा गावांच्या बाळंतिणी तिच्या हाताखालून गेलेल्या, त्यामुळे ती सहसा घाबरत नाही. त्या सकाळी मी काही विचारायच्या आतच तिनं बोलायला सुरुवात केली.

"म्या काय बी दिलं न्हाय. तोंडातनं काय बी द्यायचं न्हाय म्हनून म्या दोघींना दहा येळा सांगितलंय बाई. येळ पडली तर आपरेशन करावं लागंल म्हनलं."

"दोघी म्हणजे?"

"तिची आई लीलाबाई आन् सासू कुशाबाई. रातभर दोघीच आळीपाळीनं बसल्या. एक आत आली की दुसरी भाईर. लग्नातल्या मानपानावरनं अबोला हाय त्यांचा."

"झटक्याआधी काय झालं?"

सारजानं दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "पहाटंपासनं डोकं लई दुखतंय म्हनत हुती. मग मला आक्का म्हनाया लागली. आक्का, दार लाव, आक्का, तू भिजलीस म्हनं. म्या इचारलं लीलाबाईंना, आक्का कोन? तर त्या रडायाच लागल्या. थोरली लेक हुती त्यांची. हिरीत पडून मेली."

अवसेची सकाळ, बंद खिडक्या, आणि बुडून मेलेल्या बहिणीशी बोलणारी बाळंतीण. शिकलेल्या माणसालाही अशा वेळी शिक्षण आठवून आठवून वापरावं लागतं. मी ते वापरलं. डोकेदुखी, मग भ्रम, मग झटका. भूतबाधेला असा क्रम लागत नाही, औषधाला किंवा विषाला लागतो.

बाहेर व्हरांड्यात सासू भिंतीशी बसली होती. उंच, हाडापेरानं मोठी बाई. "बाधा हाय ती," कुशाबाई म्हणाल्या. "गरवार बाईला अवसेला एकलं टाकायचं नसतं. म्या सांगत हुते, गिराणाच्या आदी सोडवा, आदी सोडवा."

"तुम्ही तिला काही खायला-प्यायला दिलंत?"

"गिराणाचं येद लागल्यापसनं माझ्याच पोटात घोट न्हाय पाण्याचा. तिला काय देनार?" त्या म्हणाल्या, पण माझ्याकडं न बघता.

तेवढ्यात दुसऱ्या टोकाहून आई आली. लीलाबाई सुप्याच्या, लहानखुऱ्या, उन्हानं रापलेल्या. त्यांनी माझ्या हातात काचेची एक बाटली कोंबली. रबरी बुचाची, अर्धी संपलेली.

"जावयाच्या सदऱ्यात गावली," त्या ओरडल्या. "इख हाय! म्या काय बी दिलं न्हाय, माज्या लेकीला इख टोचलं ह्यांनी!"

मी लेबल वाचलं. विष नव्हतं. पण परवापासून म्हाळसाच्या शिरेत जे औषध जात होतं, तेच होतं.

३

नवरा नागेश अंगणातल्या ट्रॅक्टरच्या आडोशाला उभा होता. रणवऱ्यांनी त्याची गचांडी धरली होती आणि ते पोलिसांना बोलवायची भाषा करत होते. बाटली सापडल्यावर त्यांचा सूरच बदलला होता. दोष दुसऱ्याच्या खिशात निघाला की माणसाला बरं वाटतं.

"गाईसाठनं हाय वो बाई," नागेश रडकुंडीला येऊन म्हणाला. "जरशी पान्हा सोडत न्हाय. धारंच्या आदी टोचलं की सोडती. समदीच टोचत्यात आमच्याकडं."

"म्हाळसाला टोचलंस?"

"देवाशपथ न्हाय! मला तर आतबी येऊ दिलं न्हाय कुनी."

"पण मनात आलं होतं?"

त्यानं मान खाली घातली. "आलं हुतं. आई म्हनत हुती, गिराणाच्या आदी सुटाय पायजे. गाईला सुटतंय, तर... पर भ्या वाटलं."

मी परत आत गेले आणि म्हाळसाच्या पोटावर हात ठेवून बसले. कळ आली, पोट घट्ट झालं, मग सैल पडलं. पुन्हा घट्ट, पुन्हा सैल. मी रणवऱ्यांचा हात धरून तिथं ठेवला.

"गाईचा डोस हिच्या अंगात गेला असता तर ही गर्भपिशवी सैल पडलीच नसती. दगडासारखी आवळून राहिली असती, फाटली असती. बाळाचे ठोके केव्हाच गेले असते. पोरानं काही केलेलं नाही. सोडा त्याला."

"मग कुणी केलं?"

मी खाटेखाली वाकले. ग्लुकोजच्या रिकाम्या बाटल्या एका रांगेत लावून ठेवल्या होत्या. "तुम्ही औषध किती वाढवलंत?"

"पहिल्या दिवशी कळाच येईनात. मग वाढवलं. पुस्तकाबाहेर नाही गेलो." त्यांचा आवाज चिरकला. "घरचे मागे लागले होते, पण दिवस खरंच उलटले होते बाई. मी उगाच नाही लावलं."

ते खरं बोलत होते. औषधाचं प्रमाण वरच्या टोकाला होतं, तरी तेवढ्यावर माणूस बेशुद्ध पडत नाही. त्याला कुणाची तरी साथ लागते. मी नळीची चकती फिरवून ते औषध बंद केलं.

आणि म्हाळसाला दुसरा झटका आला.

४

झटका पाहणं वाईटच, पण तो थांबवताना आपले हात पुरत नाहीत ते जास्त वाईट. सारजानं पाय धरले, मी इंजेक्शन दिलं आणि म्हाळसाला कुशीवर वळवलं. तिच्या तोंडातून भळकन उलटी आली.

पाणी. नुसतं पाणी. अन्नाचा कण नाही, पिवळेपणा नाही. दोन दिवस जिच्या तोंडात काही गेलेलं नाही तिच्या पोटातून एवढं पाणी आलं की माझी चप्पल भिजली. आणि त्या पाण्यात एक तुळशीचं पान होतं.

झटका ओसरला. ठोके अजून होते. मी हात धुवायला म्हणून बाहेर आले आणि दोघींना मोठ्यानं म्हणाले, "जरा पाणी द्या गं कुणी."

दोघीही जागच्या हलल्या नाहीत. लीलाबाईंजवळ एक तांब्याची कळशी होती, तोंडाला फडकं बांधलेली. कुशाबाईंच्या पिशवीत फिरकीचा तांब्या होता. मी आधी कळशीचं फडकं सोडलं. तळाशी ओल, आणि कडेला तुळशीचं पान चिकटलेलं. मग तांब्याचं झाकण फिरवलं. तोही रिकामा. त्यातही पान.

वेध लागले की आपल्याकडं पाण्यात तुळस टाकतात. म्हणजे ही पानं काल संध्याकाळनंतर पडलेली. तेव्हा दोन्ही भांडी भरलेली असणार, रिकाम्या भांड्यात कुणी तुळस टाकत नाही. आणि वेध लागल्यापासून या दोघींनी कडक पाळलेलं. त्यांचे ओठ कोरडे पडून सालपटं निघाली होती, खोटं बोलायला तिथं जागा नव्हती. मग भरलेली कळशी आणि भरलेला तांब्या संपवला कुणी? वेध माफ असतात ते लेकरांना, आजाऱ्यांना आणि गरवार बाईला. लेकरू तिथं एकही नव्हतं.

उजेड मळकट होऊ लागला होता. ग्रहण लागलं. कुशाबाईंनी पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि आतल्या खोलीचं दार लावायला सांगितलं.

"दार मी लावते," मी म्हणाले. "पण तुम्ही दोघी माझ्याबरोबर आत या. एकत्र."

५

खाटेच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला सासू. लग्नानंतर पहिल्यांदाच त्या एकमेकींच्या इतक्या जवळ उभ्या होत्या.

"पाणी किती पाजलंत?"

दोघी एकमेकींच्या तोंडाकडं बघू लागल्या. मी आवाज चढवला. माझा आवाज चढला की शस्त्रक्रियेच्या खोलीत मोठेमोठे सर्जन गप्प होतात. "ही पोर मरतेय. लाज धरायची असेल तर उद्या धरा."

आधी कुशाबाई फुटल्या. "गिराण सुटंस्तोवर घोट मिळायचा न्हाय तिला. गिराणात गरवारीनं पाणी घेतलं तर पोराला वंगाळ. तहानंनं जीव तळमळंल पोरीचा, म्हनून आदीच पाजलं. पोट भरून पाजलं. तांब्या सरला की पुन्हा भरून आनला. सारजा म्हनली हुती देऊ नगा, पर पाणीच की वो बाई! पाण्यानं काय हुतंय?"

लीलाबाई पांढऱ्याफटक पडल्या. "तुमीबी पाजलं?"

अबोला सुटला तो असा.

"म्या..." लीलाबाईंनी खाटेचा दांडा धरला. "कालव्याचं पाणी बाधतं तिला, म्हनून आमच्या हिरीचं आनलं हुतं. रातभर थोडंथोडं दिलं. नगं म्हनत हुती. म्या म्हनलं, आईचं ऐक, उद्या तळमळशील. बाई, आमच्याकडं एका कळशीसाठनं दोन मैल चालावं लागतंय. थोरली लेक माझी पाण्यापायीच गेली. पाण्यानं मान्साचं बरंच हुतंय, न्हाय व्हय?"

म्हाळसा एकीला नाही म्हणू शकली नव्हती, आणि एकीचं पिऊन दुसरीचं नाकारायचं धाडसही तिच्यात नव्हतं. दोघी तिला जगवण्यासाठी पाजत राहिल्या होत्या, एकमेकींना न सांगता. मला राग आला होता, पण तो कुणावर काढावा तेच कळेना.

मी रणवऱ्यांकडं वळले. "कळांचं औषध जास्त झालं की आणखी एक काम करतं. मूत्रपिंडाला पाणी सोडू देत नाही. त्यात तुम्ही ते दिलंत ग्लुकोजमधून, म्हणजे पुन्हा पाणीच. आणि या दोघींनी वरून हे पाजलं. सगळं आतच साठलं. रक्तातलं मीठ पातळ झालं आणि मेंदू सुजला. म्हणून पिशवीत घोटभर लघवी."

"मी पुस्तकात वाचलंय हे," रणवरे सावकाश म्हणाले. "पाहिलं कधीच नाही."

"मीही नाही. फार क्वचित होतं."

"रक्तातलं मीठ मोजायची सोय इथं नाही. पुण्याला पाठवू?"

"तिसरा झटका वाटेत आला तर?"

"आणि निदान चुकलं तर? मिठाचं औषध द्यायचं आणि निघाला तो दुसराच आजार, तर आपणच मारू तिला."

हेच मलाही छळत होतं. माझ्याजवळ पुरावा काय, तर एक उकळलेली नळी, घोटभर लघवी आणि तुळशीची पानं. एवढ्यावर दोन जीव ठेवायचे होते. मला भीती वाटत होती, सरळ सांगते.

"तीव्र मीठपाणी आहे तुमच्याकडं?"

रणवऱ्यांनी नजर चुकवली. मग कुलपाचं कपाट उघडलं. मोठ्या महिन्यांचे गर्भ काढण्यासाठी त्या काळी प्रसूतिगृहांत एक दाट मीठपाणी ठेवत. ती बाटली त्यांनी माझ्या हातात दिली. मी हिशेब करून ते पातळ केलं, सारजाकडून हिशेब पुन्हा तपासून घेतला आणि थेंब मोजत म्हाळसाच्या शिरेत सोडलं.

६

बाहेर उजेड तांबूस, मेल्यासारखा झाला. पक्षी झाडांवर परतले आणि गप्प झाले. कुठंतरी एक कुत्रं लांबवर रडत होतं. आत पाच माणसं एका पोरीच्या पापण्यांकडं बघत बसली होती.

काहीच होईना. मीठ जास्त झालं तरी माणूस दगावतं, फार घाईनं दिलं तरी मेंदू कायमचा दुखावतो. मी थेंब आणखी मंद केले. म्हाळसाचा हात एकदा उडाला आणि आम्ही सगळे उठून उभे राहिलो. तिसरा झटका असं मला वाटलं. पण हात पुन्हा खाली पडला.

"बाई," सारजा खालून म्हणाली. ती जमिनीवर बसून लघवीच्या पिशवीकडं बघत होती. "बाई, हे बघा."

नळीतून धार सुरू झाली होती. पाण्यासारखी, स्वच्छ. पिशवी भरली. सारजानं ती रिकामी केली, पुन्हा भरली. कळांचं औषध उतरलं होतं आणि मूत्रपिंडं अडवून धरलेलं सगळं सोडून देत होती. निदान बरोबर होतं. रणवरे तोंड फिरवून डोळे पुसत होते, आणि मी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

ग्रहण सुटत आलं तेव्हा म्हाळसानं डोळे उघडले. तिनं आईकडं पाहिलं, सासूकडं पाहिलं आणि विचारलं, "झालं का बाळ?"

"न्हाय अजून," कुशाबाई रडत म्हणाल्या.

बाळ दुपारी झालं, सीझर करूनच. ग्रहण सुटलेलं असल्यामुळे सुरीला कुणाची हरकत नव्हती, आणि माझीही भूल द्यायला नव्हती. मुलगी. सारजाच्या हातात येताच तिनं असा टाहो फोडला की अंगणात नागेश मटकन खाली बसला. मी त्याची ती बाटली गटारात ओतली आणि गाईलाही पुन्हा टोचू नकोस म्हणून दम दिला. तो ऐकेल असं मला वाटलं नाही.

निघण्याआधी, दिवस कलल्यावर, मी म्हाळसाला शेवटचं पाहायला गेले. ती शुद्धीवर होती, आवाज घोगरा.

"तहान लागलीय," ती म्हणाली. "पानी द्या की कुनीतरी."

खोलीत दोघी होत्या. आईच्या पायाशी भरलेली कळशी होती. पण लीलाबाई मागं सरकल्या आणि त्यांनी दोन्ही हात पदरात लपवले. कुशाबाईंनी भिंतीकडं तोंड केलं. म्हाळसानं पुन्हा मागितलं आणि दोघींपैकी कुणीही हललं नाही. दोन मैल चालून पाणी आणणारी बाई आपल्या लेकीला एक घोट द्यायला घाबरत होती.

मी चमचा आणून लीलाबाईंच्या हातात दिला. "आता चालेल. एवढंच. मी उभी आहे इथं, द्या."

त्यांचा हात इतका कापत होता की पाणी खाटेवर सांडलं. मग कुशाबाई आल्या आणि त्यांनी विहिणीचं मनगट खालून धरलं. दोघींनी मिळून तो चमचा लेकीच्या ओठांपर्यंत नेला, आणि तिनं गिळलं तरी कितीतरी वेळ त्या तो हात खाली घ्यायला तयार नव्हत्या.